रविवार ओल्ड कोर्ससाठी ठेवू नका

मडगावच्या तुम्हा आठ जणांचा जूनमध्ये स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचा बेत वाचला. सेंट अँड्र्यूज गावातलं ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान रविवारी धरलंय, ते आधी हलवा. रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. इतर दिवशी बॅलट, म्हणजे खेळायच्या वेळांची सोडत: दोन ते चार जणांची नावं दोन दिवस आधी द्यायची. म्हणजे तुमचे अर्ज दोन, आणि एका चौकडीचा नंबर लागून दुसरी कोरडी राहणं सहज शक्य. रुसवेफुगवे विमानात बसण्याआधीच मिटवा! राहिलेल्यांना शेजारचा न्यू कोर्स आहेच. कसला डोंबलाचा न्यू, 1895 चा आहे. हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला मात्र प्रत्येकाने घ्या.

सराव इथेच करा, कोळव्याला दुपारचा वारा फुकट मिळतो. चेंडू उंच उडवायची सवय मोडा. लिंक्सची, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या गोल्फ मैदानांची, जमीन वाळूची, टणक. सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या डोक्याच्या काठीने) ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, बऱ्याच अलीकडे टप्पा पाडायचा आणि चेंडू घरंगळत जाऊ द्यायचा. बग्गीची (मैदानावरच्या छोट्या गाडीची) आशा नको, पायपीट आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खेळ सुरू करायला संध्याकाळी पाचची वेळ मिळाली तरी नाक मुरडू नका.