वर्षातून चार दिवस ट्रॅक: कॉइलओव्हर हेच उत्तर आहे का?

मागचा बार:
“ट्रॅकवर वर्षातून एकदा जरी जाणार असाल, तर कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) बसवा, गाडी ४० मिलिमीटर खाली घ्या आणि मोकळे व्हा; बाकी सगळी मलमपट्टी आहे,” असा सल्ला ‘तिसरा गिअर’ यांनी काल या फोरमवर एका नवख्या सदस्याला दिला. दोन ओळी लिहून सोडून देणार होतो, परंतु हाच सल्ला ऐकून मी दोन वर्षे प्रत्येक खड्ड्यापाशी दात आवळून गाडी चालवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या गाडीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगा २.५ किलो प्रति मिलिमीटरच्या होत्या आणि कॉइलओव्हर संचासोबत आल्या त्या ८ किलोच्या. पुढच्या एका चाकावर साधारण ३५० किलो भार धरला, तर वर-खाली होण्याची वारंवारता सुमारे १.३ हर्ट्झवरून २.४ हर्ट्झवर जाते. हा आकडा गुळगुळीत ट्रॅकवरच्या रेसच्या गाडीला शोभतो. रोज कामावर जाणाऱ्या गाडीत तो मणक्याला मोजावा लागतो. मणक्याचेही मी सोसले असते, पण ट्रॅकवरच्या ज्या लांब उजव्या वळणात डांबराला लाटा आहेत, तिथे गाडी रस्ता धरण्याऐवजी टणाटण उडत बाहेरच्या कडेकडे सरकत असे, आणि माझ्याच मॉडेलची मूळ स्प्रिंगांवरची गाडी मला तिथे शांतपणे गाठत असे. टायर जमिनीला टेकलेला नसेल, तर स्प्रिंग कितीही कडक असली तरी पकड कुठून येणार?

शेवटी तो संच काढला. मूळ उंचीचे, पण जास्त डॅम्पिंगचे (उसळी अधिक आवरणारे) शॉक, पुढे ४ किलोच्या स्प्रिंगा, मागचा अँटी-रोल बार (वळणातला झुकाव रोखणारा दांडा) २० ऐवजी २२ मिलिमीटरचा आणि पुढे उणे दोन अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला), एवढ्यावर माझी फेरीची वेळ कमी झाली. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दोन मिलिमीटरमध्ये ४६ टक्के. वळणात नाक बाहेर काढणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

तिसरा गिअर:
आपला संच वाईट होता, यावरून सगळे कॉइलओव्हर वाईट कसे ठरतात, हे मला कळलेले नाही. ज्या शॉकची झडपव्यवस्था ८ किलोच्या स्प्रिंगेचा परतीचा जोर आवरू शकत नाही, त्याच्यावर गाडी उडणारच. त्यात कॉइलओव्हर या कल्पनेचा काय दोष? शिवाय माझा अंदाज असा की, आपण उंची कमी करण्यासाठी शॉकची खालची बाही न फिरवता स्प्रिंगेखालची कडी उतरवली असणार. तसे केले की दाबाचा प्रवास तेवढाच कमी होतो आणि गाडी वळणात बम्प स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या टोकाच्या रबरावर, जाऊन बसते. आपण ज्याला कडक स्प्रिंग म्हणत आहात, तो बहुधा रबराचा ठोकळा होता. चांगल्या संचात स्प्रिंग स्वतः निवडता येते आणि चारही कोपऱ्यांचा भार जुळवता येतो. मूळ शॉक आणि आखूड स्प्रिंग अशी खिचडी करणाऱ्यांना यातले काहीही मिळत नाही.

रबरी बुश:
उंची आणि किलो यांवर वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही बुशांचा, म्हणजे सांध्यांतल्या रबरांचा, उल्लेख केलेला नाही, याचे मला नवल वाटत नाही, कारण तो कोणीच कधी करत नाही. माझी गाडी केवळ ३० मिलिमीटर खाली घेतली होती. वर्कशॉपमध्ये लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना, खालच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट पूर्ण आवळले गेले. गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहिले आणि काही महिन्यांत फाटले. ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढत असे आणि मी मात्र शॉकला शिव्या देत होतो. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा आणि मगच आवळा. कॉइलओव्हर घ्या किंवा घेऊ नका, हे आधी शिका.

मागचा बार:
तिसरा गिअर, कडी मीच फिरवली होती, हे मान्य. आपल्या अंतर्ज्ञानाला नमस्कार. परंतु त्यामुळे ४० मिलिमीटरचा सल्ला निर्दोष ठरत नाही. मॅक्फर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेल्या) गाडीत खालचा आर्म मुळात जेमतेम आडवा असतो. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली की त्याचे बाहेरचे टोक वर जाते, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली उतरते. दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ, वाढते. मग त्या वाढलेल्या झुकावाला दाबायला ८ किलोच्या स्प्रिंगा लागतात. आधी दुखणे विकत घ्यायचे आणि मग त्याचे औषध, असा हा व्यवहार आहे.

तिसरा गिअर:
झुकाव आणि भाराचे स्थलांतर यांची गल्लत करून आपण नवख्यांची दिशाभूल करत आहात. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जातो, हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि बाजूचा जोर यांवर ठरते. रोल सेंटर कुठेही असो, ती बेरीज बदलत नाही. गुरुत्वमध्य ५४० वरून ५०० मिलिमीटरवर आला, तर हे स्थलांतर सुमारे सात टक्क्यांनी घटते. गाडी दिसायला किती कलते, याची मला फिकीर नाही.

शून्य टो:
फिकीर नाही? मग पुढच्या टायरची बाहेरची कड पाहा. स्ट्रटच्या गाडीत झुकाव म्हणजे केवळ दिसणे नव्हे. बॉडी जितकी कलते, तितके बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते, आणि आर्म वर चढलेला असेल तर दाबात मिळणारा थोडाफार उणे कॅम्बरही उलट कमी होऊ लागतो. आपले सात टक्के खरे आहेत, पण टायर कडेवर उभा राहिला तर ते कुठे वापरणार? त्यातच टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन आर्मशी जुळेनासा होतो आणि उंचवट्यावर गाडी स्वतःच वळू पाहते. उंची खालीच हवी असेल, तर आर्मच्या टोकाला लांब पिनचे बॉल जॉइंट (गोल सांधे) घालून आर्म पुन्हा आडवा करावा लागतो. अर्थात ती वस्तू प्रत्येक गाडीसाठी मिळत नाही, आणि ४० मिलिमीटरचा सल्ला देणारे ती सांगायला हमखास विसरतात.

आणखी एक. उणे दोन अंश कॅम्बरने रस्त्यावर टायर खलास होतात, ही भीती अतिशयोक्त आहे. टायर खातो तो चुकीचा टो, म्हणजे वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, तरीही लोक अलाइनमेंट न करता घरी जातात.

हळू हात:
माफ करा, पण वर्षातून चारच दिवस जाणाऱ्याने आधी चांगले टायर आणि ताजे ब्रेक ऑइल घ्यावे, असे मला वाटते. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश, तर पाणी शोषल्यावर १५५ अंश मानलेला आहे. ऑइल उकळून पेडल जमिनीला टेकले की रोल सेंटर आठवत नाही.

तिसरा गिअर:
सस्पेन्शनच्या प्रत्येक चर्चेत ‘आधी टायर’ म्हणणारे एक गृहस्थ येतातच. टायर आणि ब्रेक ऑइल झाले आहे असे धरूनच आम्ही बोलत आहोत.

हळू हात:
त्या नवख्या सदस्याने तसे धरलेले आहे का, हे त्याला कोणीही विचारलेले नाही.

मागचा बार:
हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो मलाही लागू पडतो. शॉककडे परत येतो. मूळ उंचीजवळ राहणाऱ्याला बिल्स्टाइनचा बी६ आणि खाली घेतलेल्या गाडीला आखूड बी८ असे वेगळे शॉक त्या कंपनीने केले, ते उगाच नव्हे. १९६२ च्या लोटस इलान या स्पोर्ट्स कारच्या मऊ स्प्रिंगा आणि तिची वळणातली पकड या दोन्ही गोष्टी प्रसिद्ध आहेत. कडक म्हणजे वेगवान, हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते.

तिसरा गिअर:
इलान एवढी हलकी होती की तिचे उदाहरण आजच्या गाडीला देणे हा विनोद आहे. असो. शून्य टो यांच्या कॅम्बरच्या मुद्द्यावर मी रात्री माझ्याच गाडीखाली टॉर्च घेऊन शिरलो. आर्म वर चढलेला आहे. किती, ते इथे सांगणार नाही. नवख्याला दिलेल्या सल्ल्यातले ४० मिलिमीटर मी १५ करतो आणि ८ किलोचे ५ करतो. त्याहून खाली मी उतरणार नाही, आणि कॉइलओव्हरच घ्यावेत हे माझे मत कायम आहे.

रबरी बुश:
१५ मिलिमीटरलाही बोल्ट सैल करावे लागतात.