नोव्हेंबरातला राखाडी धोबी: सिट्रीन की पिवळा?

पाणकाठ
उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, काल सकाळी दिसलेला धोबी (वॅगटेल) पक्षी. पाठ राखाडी, पोट पांढरं, पिवळ्याचा मागमूस नाही. छातीवर काळी चंद्रकोर नाही, म्हणून पांढरा धोबी बाद. पाय काळे, म्हणून करडा धोबी (ग्रे वॅगटेल) ही जातही नाही. सिट्रीन धोबी म्हणावं तर डोकं पिवळं नको का? फोटो तीनच आहेत, त्यातले दोन पाठमोरे.

कवडा
पिवळं डोकं आत्ता शोधूच नका. पूर्ण पिवळं डोकं हा नराचा विणीचा साज, तो साधारण मार्चच्या सुमारास चढतो. सध्याच्या पाहुण्यांत याच वर्षी जन्मलेली पिल्लंही असतात आणि ती अशीच राखाडी-पांढरी दिसतात.

आधी गाल बघा. डोळ्यावरची फिकट भुवई कानामागून खाली वळते आणि करड्या गालाभोवती चौकट पुरी करते का? करत असेल तर सिट्रीन. पिवळ्या धोब्याची भुवई कानामागेच विरते. मग चोच आणि डोळा यांच्यामधली जागा: सिट्रीनमध्ये फिकट, पिवळ्यात गडद रेघ. पंखावरचे दोन पांढरे पट्टे सिट्रीनचे चांगले रुंद असतात. आत्ता पिसं ताजी आहेत म्हणून पट्ट्यांवर विसंबता येतं. हिवाळा संपेस्तोवर ते झिजून बारीक होतात, तेव्हा फसगत होते.

दलदल्या
कवडा म्हणतात ते बरोबर, फक्त राखाडी पाठ हा पुरावा धरू नका. पिवळ्या धोब्याची काही पिल्लंही तितकीच राखाडी निघतात. त्यांच्या खालच्या चोचीचं बूड बहुधा फिकट असतं, सिट्रीनची चोच सगळी गडद. आवाजावरही निकाल देऊ नका. सिट्रीनचा आवाज खरखरीत खरा, पण पिवळ्याच्या पूर्वेकडच्या जातीचाही तसाच.

फोटोचं म्हणाल तर सकाळच्या सोनेरी उन्हात पांढरं पोटही पिवळट येतं आणि एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) जास्त झालं की पंखाचे पट्टे फुगून रुंद दिसतात. ऊन पाठीशी घ्या, एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली ठेवा आणि पक्षी आडवा होईपर्यंत थांबा. पाठलाग केलात तर पाठमोरे फोटोच मिळणार, धोबी कायम पुढे पुढे पळतो.

बोरू
जागेवरूनही अंदाज येतो. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींवर चालणारा बहुधा सिट्रीन, चरणाऱ्या गुरांच्या पायांत घुटमळणारा बहुधा पिवळा. चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात उजनी काठोकाठ असते, चिखल फारसा उघडा पडत नाही. तेव्हा काठाच्या पाणवनस्पती आणि ओली शेतं धुंडाळा. चिखलपट्टे पाणी ओसरल्यावर.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घाई नको. खात्री नसेल तर नुसतं ‘वॅगटेल’ नोंदवा आणि फोटो जोडा, नाव नंतर बदलता येतं.

पाणकाठ
तिसऱ्या फोटोत गालाची चौकट पुरी दिसते, पट्टेही रुंद आहेत. शेपटीखालचा रंग मात्र गवतामागे गेलाय.

कवडा
शेपटीखालची पांढरी पिसं दिसली असती तर दुधात साखर. पण चौकट आणि पट्टे दोन्ही असतील तर सिट्रीनच. चोच तेवढी एकदा झूम करून बघा.