'जटिल आघात' की 'धास्ती'? – शब्दचर्चा

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
समुपदेशन केंद्रासाठी एक मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. घरातच वर्षानुवर्षे मारझोड आणि पाणउतारा सोसलेल्या व पुढे घरच्यांनी संबंध तोडलेल्या माणसांच्या मनःस्थितीला 'जटिल आघातोत्तर ताण विकार' म्हणावे, असा मसुदा आला आहे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्ये ही कल्पना मांडली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र नोंद मिळाली. नुसते 'ट्रॉमा' लिहिण्याची सोय नाही, कारण आपल्याकडे ट्रॉमा म्हटले की मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातले अपघातग्रस्तांचे केंद्रच डोळ्यांपुढे येते. सोपा पर्याय सुचवावा.

प्रतिसाद:
'जटिल' बदलाच. मराठीत प्रश्न जटिल असतो, खटला जटिल असतो. माणसाला तो शब्द लावला की 'हे प्रकरण काही सुधारणारे नाही' असा वास त्याला येतो. 'आघात'ही पुरेसा नाही, कारण शोकपत्रातला 'कुटुंबावर दुःखाचा आघात' एकदाच कोसळतो, आणि येथे तर रोजचा छळ अभिप्रेत आहे. 'धसका' जवळचा वाटतो, परंतु तोही बहुधा एका प्रसंगाचा: अपघाताचा धसका, परीक्षेचा धसका. धास्ती मात्र मुक्कामाला येते. माझ्या परिचयातील एक गृहस्थ चाळिशी उलटल्यावरही, मनीषनगरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, लिफ्टचे दार वाजले की हातातले भांडे तसेच धरून पावले कोणाच्या दाराकडे जातात ते ऐकत उभे राहतात. वडिलांची स्कूटर फाटकाशी थांबली की घरातले सगळे बोलणे बंद होई, ते दिवस संपून वीस वर्षे झाली आहेत. त्यांच्या या अवस्थेला मी धास्तीच म्हणेन.

दुसरा प्रतिसाद:
धास्ती मान्य, पण ती एकटी पुरणार नाही. आरोग्य संघटनेच्या त्या यादीत प्रसंग पुन्हा अंगावर येणे, त्यांची आठवण टाळणे आणि सतत सावध राहणे यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी धरल्या आहेत: भावना आवरता न येणे किंवा अगदी बधिर होऊन जाणे, आपण कवडीमोलाचे आहोत अशी पक्की समजूत, आणि कोणाशीही जवळीक टिकवणे अवघड जाणे. दुसरीसाठी मराठीत नवा शब्द घडवावा लागत नाही. 'माझ्यातच खोट आहे' हे वाक्य अशी माणसे स्वतःच बोलतात.

मला अडचण दिसते ती छळाच्या नावाची. सासरच्या छळाला 'सासुरवास' हा नेमका शब्द आहे, तो ओव्यांपासून न्यायालयापर्यंत सर्वांना कळतो. माहेरच्या, म्हणजे जन्मदात्यांच्या छळाला मात्र मराठीने नाव ठेवलेले नाही. तेथे आहे ते 'वळण लावणे', 'धाकात ठेवणे', 'आईबापाचं काय मनावर घ्यायचं'. नवऱ्याने टाकलेल्या बाईला निदान 'परित्यक्ता' म्हणता येते, पण आईबापाने टाकलेल्या मुलामुलींना काय म्हणायचे? वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीत तो मुलगा 'ऐकण्यात नसलेला' ठरतो, म्हणजे दोषही त्याचाच. म्हणून 'नकार' किंवा 'अस्वीकार' असले पुस्तकी शब्द घालू नयेत. घरच्यांनी 'तोडले' असेच लिहावे; त्यात कर्ता कोण हे लपत नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. 'विकार' हा शब्द शीर्षकातून काढून आत, डॉक्टरी नाव सांगताना एकदाच ठेवते, कारण पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या कागदावर वाचकाला तो दिसणारच आहे. शीर्षक असे केले आहे: 'घरच्यांच्याच छळाने मनात बसलेली धास्ती'. त्याखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक असेल. 'छळा'ऐवजी 'जाच' घ्यावा का, एवढेच कोणी सांगावे. माझ्या कानाला जाच हा कटकटीकडे झुकणारा, सौम्य वाटतो, पण वर्ध्याकडच्या सहकारी बाई तो मारहाणीसाठीही सहज वापरतात.