वडील सडपातळ आहेत, गोड खात नाहीत, तरीही मधुमेह कसा?

बांधीवरचा (भंडारा जिल्हा)
वडिलांचे वय ५४ आणि वजन ५६ किलो आहे. आमची धानाची शेती असल्याने घरात तीनही वेळा भात असतो, पण चहा सोडला तर वडील गोडाला हात लावत नाहीत. पायाची जखम भरून येईना म्हणून रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटी साखर १४८ आणि जेवणानंतर दोन तासांनी २३६ निघाली; एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) मात्र ५.९ आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आणि शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, एवढेच सांगितले. तालुक्याच्या औषध दुकानदाराने ‘पेशींना गंज चढतो’ असे म्हणून साडेअकराशे रुपयांच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल हाती दिल्या. इन्सुलिन-प्रतिरोध आणि हा गंज यांचा खरोखर संबंध आहे का, आणि तीन आकड्यांपैकी खरा कोणता मानावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक (गोंदिया)
दुकानदाराचे वाक्य पूर्णपणे खोटे नाही. त्यावरून त्याने जे विकले ते चुकीचे आहे.

भात पचून ग्लुकोज रक्तात आले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्याचा निरोप मिळाल्यावर स्नायूपेशीच्या आत दडलेले ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेते आणि त्याच वेळी यकृत स्वतःची साखर बनवणे आवरते. स्नायूंत व यकृतात चरबी साठली, की तिच्यातील काही घटक हा निरोप वाटेतच अडवतात. हाच इन्सुलिन-प्रतिरोध होय. रात्रभर काही न खाताही वडिलांची साखर सकाळी १४८ भरली, कारण यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहिले असावे, आणि मेटफॉर्मिनचे मुख्य काम तेथेच आहे. बीटा पेशी काही वर्षे जास्तीचे इन्सुलिन सोडून तोल सांभाळतात, म्हणून आधी काहीच कळत नाही.

सडपातळपणावर विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वडिलांचे हातपाय काटक असूनही सदऱ्याची खालची बटणे ताणली जात असतील, तर काट्यावरचे ५६ किलो बाजूला ठेवून पोटाचा घेर मोजावा.

आता गंजाविषयी. स्नायू ग्लुकोजला बाहेर थोपवू शकतो, पण रक्तवाहिन्यांचे अस्तर, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांतील बऱ्याच पेशींत ग्लुकोज इन्सुलिनवाचूनच शिरते. तेथे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, गरजेपेक्षा जास्त इंधन लोटले गेले की इलेक्ट्रॉन गळतात, ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हे पेशीला इजा करणारे रसायन बनते आणि ते आवरण्याची पेशीची ताकद अपुरी पडते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. बीटा पेशींत कॅटलेजसारखी रक्षक विकरे मुळातच कमी असल्याने त्यांना हा मार लवकर बसतो. शिवाय हाच ताण इन्सुलिनचा निरोपही बिघडवतो, म्हणजे प्रतिरोधातून ताण आणि ताणातून पुन्हा प्रतिरोध, असे चक्र सुरू होते.

मग कॅप्सूल का नको? धुऱ्याला भगदाड पडले असताना बांधीतले पाणी तांब्याने उपसण्याचा तो प्रकार आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, ज्यांत मधुमेहीही पुष्कळ होते. सुमारे साडेचार वर्षे ई जीवनसत्त्व घेऊनही त्यांना हृदयविकारापासून संरक्षण मिळाले नाही. याउलट, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनचा निरोप नसतानाही ग्लूट-४ पृष्ठभागावर आणतो. चिखलणी आता ट्रॅक्टर करतो आणि माणूस मोटारसायकलने थेट धुऱ्यापर्यंत जातो, त्यामुळे शेतकरी आहे म्हणून चालणे होतच असेल, असे समजू नये.

काच आणि सुई (रक्त तपासनीस, चंद्रपूर)
सरांनी आकड्यांचा प्रश्न सोडून दिला, म्हणून लिहिते. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा अधिक, या मधुमेहाच्या मर्यादा आहेत. जेवणानंतरची साखर म्हणजे तंतोतंत तीच चाचणी नव्हे, तरी १४८ आणि २३६ हे आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात आणि मधुमेहाच्या मर्यादेखालचा ५.९ त्यांच्याशी जुळत नाही. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, या हिशेबावर ही चाचणी उभी आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत पेशी फार लवकर फुटतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. सिकलसेलच्या वाहकांत (ज्यांना हा दोष एकाच पालकाकडून मिळालेला असतो) पेशी टिकतात, पण काही यंत्रांचे मोजमाप चुकू शकते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून ही शंका घ्यायलाच हवी. घरात कोणाला सिकलसेल आहे का? लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात हाच आकडा उलट वाढूही शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे.

कपाशीवाला (यवतमाळ)
मला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली की झाले, असे समजून मी तीन-तीन भाकरी खात होतो आणि साखर होती तेथेच राहिली. एक भाकरी कमी करून वरण व भाजी वाढवली, तेव्हा फरक पडला. आपल्या प्रश्नात मला आकड्यांपेक्षा जखमेची काळजी वाटते. वडिलांना अनवाणी चिखलात उतरू देऊ नका आणि जखम त्याच डॉक्टरांना याच आठवड्यात पुन्हा दाखवा.

बांधीवरचा (भंडारा जिल्हा)
सर्वांचे आभार. ताई, आपला प्रश्न वाचून आईला विचारले, तर माझ्या चुलत बहिणीला लहानपणापासून सिकलसेल असल्याचे तिने सांगितले. वडिलांची तपासणी मात्र कधीच झालेली नाही. सोमवारी जखम दाखवायला जाऊ, तेव्हा सिकलसेलसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी चाचणीही करून घेऊ. सर, वडिलांच्या सदऱ्याचे खालचे बटण मागच्या पोळ्यापासून तुटलेलेच आहे. कॅप्सूलची न फोडलेली बाटली दुकानदाराने परत घेतली, पण पैसे दिले नाहीत, खात्यावर जमा धरले.