ट्रेसराउटमध्ये पाचव्या टप्प्यावर २१८ मिलिसेकंद, तिसऱ्यावर नुसत्या चांदण्या. दोष नक्की कुठे आहे?

जाणकारांची मदत हवी आहे.

मी ऑनलाइन गणित शिकवतो. वर्ग ज्या साइटवर भरतात ती दिवसा व्यवस्थित चालते. गेले तीन आठवडे मात्र रात्री आठ ते अकरा आवाज तुटतो, फळ्यावर लिहिलेलं मुलांना उशिरा दिसतं. काल एका मुलीला अख्खं उदाहरण ऐकू आलं नाही आणि तिने पुन्हा विचारायचंही टाळलं. ते मनाला लागलं, म्हणून हा धागा.

इंटरनेट कंपनीकडे दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा "लाइन ठीक आहे" एवढंच उत्तर. मग स्वतःच ट्रेसराउट (साइटपर्यंतच्या वाटेतले राउटर आणि प्रत्येकाकडून उत्तर यायला लागलेला वेळ दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं. आज दुपारचा निकाल असा (प्रत्येक ओळीत तीन वेळा, मिलिसेकंदांत):

१) १९२.१६८.१.१ : १, १, २
२) १००.७२ ने सुरू होणारा पत्ता : ४, ५, ४
३) * * *
४) ६, ६, ७
५) २१८, १९६, २३१
६) ८, ८, ८
७) १२९, १२९, १३०
८) १३०, १२९, १३०
९) * * *
१०) साइट : १३४, १३३, १३४

माझ्या मते तिसरा राउटर बंद आहे आणि पाचवा बिघडलाय. पाचव्याचा पत्ता देऊन तिसरी तक्रारही नोंदवली आहे. पण सहाव्या टप्प्याला वेळ परत ८ वर कसा येतो, हे कळत नाही. आणि ८ वरून एकदम १२९?

प्रतिसाद १

तिसरा बंद असता तर पुढची एकही ओळ दिसली नसती. तुमची पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्याच्यातूनच पुढे गेली आहेत, फक्त त्याने तुम्हाला उत्तर दिलं नाही.

ही युक्ती कशी चालते ते एकदा बघा, मग आकडे आपोआप उलगडतील. प्रत्येक पॅकेटवर एक आयुष्याचा आकडा असतो, टीटीएल. मूळ कल्पना तो सेकंदांत मोजायची होती, प्रत्यक्षात प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला "वेळ संपली" असा निरोप द्यायचा. पॅकेट्स नेटवर्कात कायमची गोल फिरत राहू नयेत यासाठी ही सोय आहे. स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून व्हॅन जेकबसन यांनी तिचा असा वापर केला: आधी टीटीएल १ ठेवून पॅकेट पाठवायचं, मग २, मग ३. दर वेळी पुढच्या राउटरवर ते संपतं आणि त्याचा निरोप येतो. त्या निरोपांतून ही यादी बनते. म्हणजे रस्त्याचा नकाशा कुणी देत नाही, वाटेत संपलेल्या पॅकेट्सवरून आपण तो जुळवतो.

आता पाचवा टप्पा. पॅकेट पुढे ढकलायचं काम राउटरमधली खास चिप करते, पण "वेळ संपली" हा निरोप सहसा त्याचा साधा प्रोसेसर लिहितो. त्याच्यासाठी ते सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम. हाताशी दुसरं काम असेल तर निरोप उशिरा निघतो, ठरावीक संख्येपलीकडे निघतच नाही, आणि काही ठिकाणी तो बंदच करून ठेवलेला असतो. तुमच्या चांदण्याही बहुधा त्यामुळेच. पाचव्यातून जाणारी पॅकेट्स खरोखर अडकत असती, तर सहावा, सातवा, दहावा सगळेच २०० च्या वर गेले असते. वाढलेला वेळ शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो तुमचा प्रश्न.

प्रतिसाद २

८ वरून १२९ चं उत्तर भूगोलात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. हे आकडे जाऊन-येऊन असतात, म्हणून १ मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०० किलोमीटर अंतर धरायचं. १२१ ची उडी म्हणजे १२,१०० किलोमीटरपर्यंतचा पल्ला, बहुधा समुद्राखालची केबल. ती उडी पुढे सगळीकडे टिकली आहे आणि तिन्ही मोजण्या जवळपास सारख्या आहेत. हे अंतर आहे, बिघाड नाही.

एक लक्षात ठेवा, यादीत फक्त जाण्याचा रस्ता दिसतो. निरोप परत वेगळ्याच वाटेने येऊ शकतो आणि आकड्यात तो वेळही मिसळलेला असतो.

प्रतिसाद १

आणि मुख्य गोष्ट, दुखणं रात्रीचं आणि मोजणी दुपारची! दुपारची यादी जपून ठेवा, तुलनेला ती लागेलच. रात्री वर्गाच्या वेळी एमटीआर चालवा. तो तेच काम सतत करत राहतो आणि प्रत्येक टप्प्याची सरासरी वेळ व गळती (किती टक्के पॅकेट्सना उत्तर आलं नाही ते) दाखवतो. किमान १०० फेऱ्या होऊ द्या. लॅपटॉप वायफायवर नको, केबलने राउटरला जोडा.

धागाकर्ता

पाचव्याचं आता नीट समजलं. रात्री सव्वानऊला केबल लावून १०० फेऱ्या केल्या. पहिला टप्पा १, गळती शून्य. दुसरा सरासरी ४६०, गळती ७ टक्के. चौथा, सहावा त्याच्याच आसपास. साइट ५९०, गळती ७ टक्के. म्हणजे दोष कंपनीच्या पहिल्याच राउटरमध्ये ना? तक्रार आता त्याची करू?

प्रतिसाद २

थोडं थांबा. वाढ दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत टिकली आहे, म्हणजे या वेळी ती खरी आहे. पण दुसऱ्या ओळीत तुमच्या राउटरपासून कंपनीच्या राउटरपर्यंतचा दुवाही मोजला जातो. तुमच्याकडून काही मोठं अपलोड चालू असेल, तर तुमच्याच राउटरच्या दाराशी रांग लागते आणि प्रत्येक पॅकेट त्या रांगेत उभं राहतं. पहिली ओळ तरीही १ दाखवणार, कारण राउटर त्या रांगेच्या अलीकडूनच उत्तर देतो. तेव्हा रात्री आठनंतर घरातून काय अपलोड होतं ते आधी बघा. फोटोंचा बॅकअप, कॅमेरा, काहीही.

धागाकर्ता

सापडलं. दिवसभरात रेकॉर्ड केलेले धडे दुसऱ्या संगणकावरून आपोआप अपलोड होतात. ती वेळ महिन्याभरापूर्वी मीच रात्री आठची लावली होती. सुरुवातीला धडे छोटे होते, तीन आठवड्यांपासून तासाभराचे झाले.

आज वर्ग चालू असतानाच अपलोड थांबवलं आणि एमटीआर नव्याने लावला. दुसरा टप्पा ५, साइट १३४, गळती शून्य. पाचवा अजूनही २०० च्या घरात दिसतोय, दिसू दे. अपलोडची वेळ पहाटे दोनची केली आहे, वर त्याच्या वेगाला मर्यादाही घातली आहे. तिसरी तक्रार मागे घेतली.

त्या मुलीला कालचं उदाहरण आज सुरुवातीलाच पुन्हा सोडवून दाखवलं. या वेळी तिने मध्ये दोनदा थांबवून प्रश्न विचारले. दोघांचेही मनापासून आभार.