'जाळे' या शब्दामागची जाळी

शुभवर्तमान (बायबलमधील येशूचे चरित्र व शिकवण) श्रद्धेने वाचले की पुरे, भाष्यग्रंथांमुळे साधा अर्थ उगाच अवघड होतो, हे मत मला पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पुढे येशूचे शिष्य झालेले पेत्र व अंद्रिया पाण्यात टाकतात तेही मराठीत 'जाळे' आणि तेराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातलेही (बोधकथेतलेही) 'जाळे'; त्या जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात, मग चांगले ठेवून वाईट फेकून देतात. मूळ ग्रीकमध्ये मात्र पहिले एकट्याने हाताने फेकायचे गोल जाळे आहे, तर दुसऱ्यासाठी 'सागेने' हा शब्द येतो, जो संपूर्ण नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) याच एका ठिकाणी आढळतो. भाष्यातले त्याचे वर्णन वाचताना मला आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरची रापणच दिसली: होडीने अर्धवर्तुळात सोडलेले लांबलचक जाळे, दोन्ही दोर ओढणारी माणसे आणि मग वाळूवर बसून चाललेली निवड. रापण निवडून मासे घेत नाही, समोर येईल ते सगळे ओढते. दाखल्याचा सारा भार याच गोष्टीवर आहे.

'वाईट' मासे म्हणजे काय, हेही भाष्यामुळेच उलगडते. मूळ शब्दाचा एक अर्थ 'कुजलेले' असा असला तरी नुकतेच ओढलेले मासे कुजलेले नसतात. म्हणून अनेक भाष्यकार तिथे 'निरुपयोगी' असा अर्थ घेतात आणि बायबलच्या जुन्या करारातील 'लेवीय' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायातील, पर व खवले नसलेले मासे निषिद्ध ठरवणाऱ्या नियमाकडे लक्ष वेधतात.

अर्थात, रापणीचा अनुभव आहे म्हणून आपण दाखल्यात काहीही घालू नये. तिथे निवड करणारे देवदूत आहेत आणि तीही युगाच्या समाप्तीला, हे एकोणपन्नासावे वचन स्पष्ट सांगते.