सही केली म्हणजे संमती झाली?

"स्वतः सही करून कामाला गेला, मग सक्ती कसली?" परदेशी कामाला जाऊन अडकलेल्या मजुरांबद्दल विचारला जाणारा हा प्रश्न मला फार खुपला. सही कुठल्या परिस्थितीत घेतली ते बघा. एजंटाची फी भरायला कर्ज काढलेलं असतं. पोहोचल्या दिवशी पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात जातो, ठरलेला पगार निम्म्यावर येतो. दाराला कुलूप नसतं, पण माणूस जाणार कुठे?

संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या मानवी तस्करीविरोधी प्रोटोकॉलने याचं उत्तर दिलंय: फसवून किंवा धाक दाखवून मिळवलेली संमती धरायचीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार तर १९३० चा. त्याला २०१४ मध्ये जोड मिळाली, त्यात पीडिताला भरपाईचा हक्क आहे, मग त्याची कागदपत्रं असोत वा नसोत. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण हद्दपारीच्या भीतीनेच माणसं गप्प बसतात.

याच संघटनेचा नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९५८ चा करारही इथे वेगळा काढता येत नाही. ज्याला चांगल्या कामाची दारं बंद, तोच एजंटाच्या हाती लागतो. २०२१ च्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत आहेत. यातल्या कित्येकांनी सही केलेलीच असणार.